स्पॅनिश न्याहारीत लपलेला उपवास

यंदा, म्हणजे 2026 च्या फेब्रुवारीत, उपवासांची गर्दी झाली. 15 तारखेला महाशिवरात्र, 18 ला ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, आणि त्याच सुमारास रमजानची सुरुवात. ख्रिस्ती, मुस्लिम आणि पूर्वी ज्यूही, असे तिघांचे उपवास ज्या देशाने पाहिले, त्या स्पेनच्या भाषेकडे या निमित्ताने बघू. आपल्याकडे हल्ली कॉलेजात, क्लासमध्ये, मोबाइलवरच्या ॲपवर स्पॅनिश शिकणारी मुलं पुष्कळ आहेत. त्यांना सुरुवातीच्याच धड्यांत 'देसायुनो' म्हणजे नाश्ता असं पाठ करायला लावतात. पुढे कधीतरी 'आयुनो' हा शब्द भेटतो. त्याचा अर्थ उपवास. तेव्हा मुलं चक्रावतात, की नाश्त्याच्या पोटात उपवास कसा?

उत्तर फार अवघड नाही, पण ते एका शब्दावर थांबत नाही. लॅटिन, अरबी, मठातले साधू, रोमचा पोप, चॉकलेट असं बरंच काही त्यात येतं. हे शब्द एकत्र मांडून पाहिले की एक गंमत लक्षात येते. प्रत्यक्ष न खाण्यासाठी स्पॅनिशमध्ये रोजच्या वापरातलं घराणं जेमतेम एकच आहे. बाकीचे शब्द उपवास सुरू व्हायच्या आधी काय खायचं, मध्ये काय चालतं, कुणाला सूट आहे आणि तो सोडायचा कधी, याचे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज पडू नये.

मुळाशी रिकामं पोट

स्पॅनिश ही लॅटिनची लेक. लॅटिनमध्ये 'येयूनुस' असं विशेषण होतं. अर्थ: ज्याच्या पोटात काही नाही असा, उपाशी. हाच शब्द नापीक जमिनीला आणि रसहीन भाषणालाही लावत. देवाधर्माचा संबंध त्यात असायलाच हवा असं नव्हतं. पुढे ख्रिस्ती धर्म आला आणि पोट रिकामं असणं हे पोट मुद्दाम रिकामं ठेवणं झालं.

धर्माचा रंग लागण्याआधीचा हा साधा अर्थ एका आडजागी शिल्लक आहे. लहान आतड्याच्या मधल्या भागाला स्पॅनिशमध्ये 'येयुनो' म्हणतात. जुन्या वैद्यांना शवविच्छेदनात हा भाग बहुतेक वेळा रिकामा सापडे, म्हणून ग्रीकांनी त्याला 'उपाशी' म्हटलं आणि लॅटिनने त्याचं शब्दशः भाषांतर केलं. म्हणजे कितीही जेवलात तरी स्पॅनिश माणसाचं एक आतडं कायम उपाशीच.

दवाखान्यातही तेच. रक्त तपासायला जाताना 'एन आयुनास' या, असं सांगतात. आपण म्हणतो अनशापोटी या. अनशापोटी म्हणताना तरी आपल्याला अनशन कुठे आठवतं?

'येयूनुस'च्याही मागे जाऊ पाहणाऱ्या काही भाषाशास्त्रज्ञांनी त्याचं नातं संस्कृत 'यज्' या धातूशी, म्हणजे यज्ञातल्या 'यज्'शी लावलं आहे. सकाळची पूजा, आहुती झाल्याखेरीज खायचं नाही, म्हणून ज्याची पूजा व्हायची आहे तो उपाशी, अशी ही मांडणी. ती सर्वांना मान्य नाही, पण आकर्षक आहे खरी. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घास न घेणारी घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना ती पटकन पटेल. पटणं हा मात्र पुरावा नव्हे.

'येयूनुस'चा 'आयुनो' झाला कसा?

इथे व्युत्पत्तीबद्दल थोडं बोलायला हवं. व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचा जन्मदाखला शोधणं. दोन शब्द सारखे ऐकू येतात म्हणून ते नात्यातले ठरत नाहीत. आवाज ठरावीक रीतीने बदलतात का हे पाहावं लागतं, आणि बहीणभाषांतही तोच शब्द सापडतो का हेही.

'येयूनुस'मध्ये 'य' पाठोपाठ दोनदा येतो. बोलताना अशा जोडीतला एक आवाज बदलतो किंवा गळतो. रोजच्या बोलीतल्या लॅटिनमध्ये 'याय-' असं सुरू होणारं रूप होतं. त्यातला पहिला 'य' स्पॅनिशने टाकला, आणि उपवास करणे या अर्थी 'आयुनार' हे क्रियापद उरलं. पोर्तुगीजने मात्र दोन्ही आवाज जपले आणि त्यांचे 'झ' केले: झेझुं. इटालियनमध्ये 'दिजूनो' झालं. रुमानियनमध्ये 'अझून' झालं, आणि तिथे त्याला आणखी एक अर्थ चिकटला, सणाची आदली संध्याकाळ. सणाच्या आदल्या दिवशी उपवास असायचा, म्हणून तो दिवसच उपवासाच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

मग 'देसायुनो' ही ब्रेकफास्टची नक्कल का?

ही शंका बहुतेकांना येते, कारण इंग्रजीतही फास्ट म्हणजे उपवास आणि तो ब्रेक केला की ब्रेकफास्ट. पण स्पॅनिशने हे इंग्रजीकडून घेतलेलं नाही. 'देस-' हा उलट अर्थ देणारा उपसर्ग लावून 'उपवास सोडणे' असं क्रियापद उत्तरकाळातल्या लॅटिनमध्येच बनलं होतं. रात्रीच्या जेवणानंतर सकाळपर्यंत आपण खात नाही. तो नाइलाजाचा उपवास सकाळी सुटतो.

फ्रेंचांनी याच क्रियापदाचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांच्याकडे त्यातून दोन शब्द निघाले, देझने आणि दिने. दोन्हींचा मूळ अर्थ 'उपवास सोडणे'. जेवणाच्या वेळा शतकानुशतकं पुढे सरकत गेल्या, आणि आज फ्रान्समध्ये देझने हे दुपारचं जेवण आहे आणि दिने रात्रीचं. सकाळच्या खाण्याला मग नाव उरलं नाही, म्हणून त्याला 'छोटं देझने' म्हणायची पाळी आली.

आणि आपली न्याहारी? हा शब्द हिंदुस्तानीतून आला. त्याच्या मुळाशी फारसी 'नाहार' आहे असं मानतात: 'ना' अधिक 'आहार', म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला. काहीजण तो अरबी 'नहार' म्हणजे दिवस याच्याशी जोडतात, पण उर्दूत उपाशीपोटी या अर्थी 'नहार मुँह' म्हणतात, ते पहिल्या बाजूला बळ देतं. तसं असेल तर शेतावर भाकरी बांधून नेणारा माणूसही, नकळत, उपवासाचंच नाव घेत होता. इंग्रज, स्पॅनिश आणि फारसी लोकांनी एकमेकांना विचारून हे शब्द केले नाहीत. पहाटेचं रिकामं पोट सगळीकडे सारखंच असतं.

स्पॅनिशमध्ये 'यान्तार' असंही एक जुनं क्रियापद आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नाश्ता करणे होता. मध्ययुगीन स्पेनमध्ये ते दुपारच्या जेवणासाठी वापरत, आणि राजा गावावरून गेला की त्याच्या जेवणाखाणाचा जो खर्च गावाने सोसायचा त्या करालाही यान्तारच म्हणत. आता हा शब्द जुन्या पुस्तकांत नाहीतर हॉटेलच्या पाटीवर दिसतो.

चाळीस दिवसांचं नाव

ख्रिस्ती उपवासकाळाला स्पॅनिशमध्ये 'क्वारेस्मा' म्हणतात. लॅटिन 'क्वाद्राजेसिमा' म्हणजे चाळिसावा दिवस, त्यावरून हे नाव. येशूने रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर सेहेचाळीस दिवस भरतात. मधले सहा रविवार वगळायचे, कारण रविवारी उपवास नसतो. मग चाळीस जुळतात.

गोव्यात हा शब्द आपल्या अगदी शेजारी राहतो. पोर्तुगीज 'क्वारेज्मा'वरून कोंकणी ख्रिस्ती समाजात उपवासकाळाला 'कोरेज्म' म्हणतात. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या बहिणी, त्यामुळे माद्रिदचा क्वारेस्मा आणि मडगावचा कोरेज्म हे मावसभाऊच.

चाळीस या आकड्यावरूनच स्पॅनिशमध्ये 'क्वारेन्तेना' आहे. कोविडमध्ये सगळ्या जगाला तो क्वारंटाइन म्हणून ठाऊक झाला. आजार्‍यांना, संशयित जहाजांना चाळीस दिवस बाजूला ठेवायची पद्धत इटलीच्या बंदरांतली. पण स्पॅनिश घरांत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे: बाळंतिणीचे चाळीस दिवस. आपला सव्वा महिना.

'मांसाला रामराम' ही गोष्ट खरी की रचलेली?

उपवासकाळाच्या आधी चंगळ करून घ्यायचे दिवस म्हणजे कार्नाबाल, आपण ज्याला कार्निव्हल म्हणतो. याची एक लाडकी व्युत्पत्ती सगळीकडे सांगतात: लॅटिनमध्ये 'कार्ने' म्हणजे मांस आणि 'वाले' म्हणजे निरोप, म्हणून कार्निव्हल म्हणजे 'मांसा, येतो आता'. ऐकायला छान आहे, म्हणूनच ती टिकली. पण जुन्या इटालियन लिखाणात 'कार्नेलेवारे' असं लांब रूप मिळतं. 'लेवारे' म्हणजे काढून घेणे, दूर करणे. मांस बाजूला सारायची वेळ, इतकाच त्याचा अर्थ. बोलता बोलता मधलं एक अक्षर गळलं आणि 'कार्नेवाले' झालं. निरोपाची गोष्ट नंतर कुणीतरी जुळवली.

स्पॅनिशने हा शब्द इटालियनकडून उसना घेतला. स्वतःचे त्याच्याकडे आधीपासून होते. एक 'कार्नेस्तोलेन्दास', म्हणजे मांस दूर करायच्या आधीचा (रविवार). दुसरा मला जास्त आवडतो: 'आन्त्रुएखो'. तो लॅटिन 'इन्त्रोइतुस' म्हणजे प्रवेश यावरून आला. उपवासकाळात शिरण्याचा उंबरठा. स्पेनच्या वायव्येला गालिसियात त्यालाच 'एन्त्रोइदो' म्हणतात, पोर्तुगालमध्ये 'एन्त्रुदो'. आणि गोव्यात? पणजीच्या रस्त्यावर चित्ररथ निघतात त्याला पर्यटक कार्निव्हल म्हणत असतील, गावातली जुनी माणसं त्याला 'इंत्रूज' म्हणतात. शब्द लिस्बनहून जहाजात बसून आला आणि इथेच राहिला.

चौदाव्या शतकात हितागावचा धर्मगुरू हुआन रुईस याने एका काव्यात या दोन काळांची लढाईच लावून दिली. एका बाजूला 'डॉन कार्नाल' म्हणजे श्रीयुत मांसाहार, त्यांच्या फौजेत कोंबड्या आणि डुकराची खारवलेली मांडी. दुसऱ्या बाजूला दोन्या क्वारेस्मा, म्हणजे उपवासबाई, त्यांच्याकडे मासे. बाई जिंकते, पण ईस्टर जवळ आल्यावर यात्रेकरूचा वेश घेऊन पळ काढते. लोकपरंपरेत ही बाई सात पायांची म्हातारी झाली आहे. कागदावर तिचं चित्र काढून दर आठवड्याला एक पाय कापतात. पाय संपले की उपवासकाळ संपला.

आठशे वर्षं अरबी कानावर असताना शब्द लॅटिनच कसा राहिला?

शंका रास्त आहे. 711 पासून 1492 पर्यंत स्पेनच्या कुठल्या ना कुठल्या भागात मुस्लिम राज्य होतं. साखर, तेल, गालिचा, उशी, महापौर, अशा असंख्य गोष्टींचे स्पॅनिश शब्द अरबीतून आलेले आहेत. जेवणातही अरबीचा हात दिसतो. 'आल्मुएर्सो' म्हणजे दुपारचं जेवण, काही ठिकाणी मधल्या वेळचं खाणं. हा मुळात 'चावा घेणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला, पण त्याच्या तोंडाशी अरबी 'अल्' येऊन बसला.

उपवासाच्या बाबतीत मात्र हे घडलं नाही. शेतीचं अवजार नवं आलं की त्याचं नाव त्याच्याबरोबर येतं. उपवास नवा नव्हता. ख्रिस्ती प्रार्थनेत, चर्चच्या नियमांत, रविवारच्या प्रवचनात लॅटिन शब्द आधीपासून पक्का होता. धर्माचे शब्द लोक सहज बदलत नाहीत. अरबीतून आलं ते 'रामादान', आणि तेही दुसऱ्याच्या उपवासाचं नाव म्हणून.

पुढे एक काळ असा आला की हाच 'आयुनो' शब्द माणसाला गोत्यात आणू शकत होता. 1478 मध्ये स्पेनमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झालं. बाप्तिस्मा घेऊनही घरात गुपचूप ज्यू किंवा मुस्लिम चालीरीती पाळणाऱ्यांना शोधणं हे त्याचं काम. चर्चमध्ये जी जाहीर फर्मानं वाचून दाखवत त्यात ओळखायच्या खुणा असत, आणि उपवास ही त्यातली मोठी खूण होती. ज्यूंच्या योम किप्पूरला त्यांत 'आयुनो मायोर', थोरला उपवास, म्हटलेलं आहे. लपून ज्यू धर्म पाळणाऱ्या घरांत बायबलमधल्या ज्यू राणीच्या नावाचा, 'राणी एस्तेरचा आयुनो'ही चालत असे. ज्या दिवशी शेजारी जेवतात त्या दिवशी तुमच्या घरात चूल का पेटली नाही, या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागू शकत होतं. शब्द तोच, पण कॅलेंडर कुणाचं यावर सगळं अवलंबून.

मासे चालतात, तर तो उपवास कसला?

मराठी माणूस हा प्रश्न विचारणारच. आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि वर दाण्याची आमटी असं ताट पुढ्यात घेऊन विचारणार. (या ताटातला बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची आणि आपला साबुदाणा ज्या टॅपिओकापासून होतो तो कंद, हे सगळे अमेरिकेतून आलेले. कोलंबसानंतर स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांनी ते जगभर नेले नसते तर आपल्या एकादशीला काय केलं असतं, देव जाणे.)

स्पॅनिश दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. 'आयुनो' म्हणजे कमी खाणं, दिवसात एकच पूर्ण जेवण. 'आब्स्तिनेन्सिया' म्हणजे मांस न खाणं. पहिल्यात प्रश्न किती याचा, दुसऱ्यात कशाचा. मासे दुसऱ्या नियमात बसतात. आज कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे सक्तीचा आयुनो वर्षात दोनच दिवस आहे, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि तोही 18 ते 59 वयाच्या लोकांना.

याच्या जोडीला 'बिखिलिया' आहे. लॅटिनमध्ये 'विगिलिया' म्हणजे जागणं, पहारा. मोठ्या सणाची आदली रात्र प्रार्थनेत जागवायची, त्या दिवशी उपवासही करायचा. शिवरात्रीला आपण दोन्ही करतोच. हळूहळू जागरण सुटलं आणि शब्द जेवणाला चिकटला. आज स्पेनमध्ये 'पोताखे दे बिखिलिया' म्हणजे छोले, पालक आणि खारवलेला कॉड मासा घातलेली दाट आमटी. शब्दशः जागरणाची आमटी. खाऊन लोक मस्त झोपतात.

आता सूट. मध्ययुगात नियम आजच्यापेक्षा कडक होते. उपवासकाळात अंडी, दूध, लोणीही वर्ज्य. पण स्पेनच्या राजांना पोपकडून एक खास सवलत मिळालेली होती, 'क्रूसेडची बूला'. मूळ हेतू मुस्लिम राज्यांविरुद्धच्या युद्धासाठी पैसा उभा करणं. ज्याने ऐपतीप्रमाणे पैसे भरून बूलाचा कागद घेतला त्याला उपवासकाळात वर्ज्य पदार्थांची मोकळीक. युद्धं संपली तरी कागद विकले जात राहिले, थेट विसाव्या शतकापर्यंत. 'बूला' हा शब्द लॅटिनमध्ये आधी बुडबुडा, मग गोल शिक्का आणि मग शिक्क्याचा फतवा, असा बदलत गेला. स्पॅनिशमध्ये आजही एखाद्याला सगळं माफ असेल तर म्हणतात 'त्याच्याकडे बूला आहे'. ऑफिसात उशिरा येऊनही ज्याला कुणी काही बोलत नाही, तो बूलावाला.

सूट मठातही होती. उपवासाच्या दिवशी एकच जेवण, आणि ते संध्याकाळी, असा जुना नियम. पुढे जेवणाची वेळ अलीकडे सरकत दुपारवर आली. मग रात्री भूक लागणार, हे उघड होतं. संत बेनेडिक्टचे नियम पाळणाऱ्या मठांत रात्री झोपण्यापूर्वी जोहान कासियान या पाचव्या शतकातल्या साधूचे संवाद वाचत, त्या ग्रंथाचं नाव 'कोल्लातिओनेस', म्हणजे चर्चा, संवाद. त्या वाचनाच्या वेळी थोडं पेय, थोडा पाव मिळू लागला, आणि त्या चिमूटभर खाण्यालाच 'कोलासिओन' नाव पडलं. ग्रंथाचं नाव खाऊला मिळालं असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

यावर कळस चॉकलेटने केला. मेक्सिकोहून कोको स्पेनमध्ये आला तेव्हा चॉकलेट हे प्यायचं पेय होतं, आणि सतराव्या शतकात मोठा वाद पेटला: चॉकलेट प्यायल्याने उपवास मोडतो का? 1636 मध्ये माद्रिदला आन्तोनियो दे लेओन पिनेलो या कायदेपंडिताने याच एका प्रश्नावर अख्खं पुस्तक छापलं. पाण्यात घोटलेलं आणि दूध, अंडी, मक्याचं पीठ घातलेलं, यांना एकच नियम लावायचा का, अशा फांद्या फुटत गेल्या. 1664 मध्ये रोममध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो याने चॉकलेटच्या बाजूने कौल दिला. आधार जुन्या सूत्राचा: द्रव पदार्थाने उपवास मोडत नाही. चतुर्थीला चहा चालतो का, यावर आपल्या घरांत अजून एकमत नाही, तेव्हा त्या पंडितांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आजच्या स्पॅनिश माणसाला हे जाणवतं का?

फारसं नाही. सकाळी कॉफी आणि टोस्ट खाणाऱ्याला आपण उपवास सोडतोय असं वाटत नाही. पण वाक्प्रचारांत तो टिकून आहे. एखादी गोष्ट डोक्यावरून गेली की स्पॅनिश माणूस म्हणतो, मी 'एन आयुनास' राहिलो, म्हणजे उपाशीच राहिलो. उलट एखादी बातमी सगळ्या गावाला ठाऊक असून आपल्याला आत्ता कळली, तर 'आत्ता माझा त्यावर उपवास सुटला' अशा अर्थाचं वाक्य आहे. 'वाईट जेवणारा पुरेसा उपवास करतोच' अशी एक जुनी म्हणही आहे. ती नक्कीच बूला परवडत नसलेल्या कुणाच्या तरी तोंडची असणार.

अलीकडे इंटरमिटंट फास्टिंगची लाट स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतही आहे. तिकडे त्याला 'आयुनो इन्तेर्मितेन्ते' म्हणतात. त्यात सोळा तासांनंतर पहिलं खाणं बहुधा दुपारी येतं. त्याला देसायुनो म्हणायचं की आल्मुएर्सो, असा प्रश्न पडू शकतो. व्युत्पत्तीला विचाराल तर ते देसायुनोच, फ्रेंचांनी कधीच तसं करून ठेवलंय.

आणि मठातला तो कोलासिओन? मेक्सिकोत ते नाताळच्या दिवसांत वाटल्या जाणाऱ्या गोळ्यामिठायांचं नाव आहे. चिलीमध्ये शाळेत जाणारी पोरं डब्यात कोलासिओन घेऊन जातात आणि मधल्या सुट्टीत संपवतात.